मेलबर्नच्या मागच्या बोळातलं छोटं दार नक्की कशाचं?

ओव्हरसियर_वाई:

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाईचा. साताऱ्यात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. एप्रिलपासून मेलबर्नला ब्रन्सविक भागात लेकीकडे मुक्काम आहे. सकाळी आठनंतर घर रिकामं होतं. जावई कामावर, नात शाळेत, आणि लेक वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. मग मी चहाचा कप घेऊन मागच्या बोळात फिरतो. पुढे सिडनी रोडवर ट्रामची घणघण असते, त्यापेक्षा हा बोळ बरा.

या बोळाबद्दलच विचारायचं आहे. रुंदी साधारण दहा फूट. दोन्ही बाजूंना घरांच्या परसदारांच्या भिंती आणि कुंपणं. खाली डांबर नाही, काँक्रीट नाही, तर काळा घडीव दगड. एकेक दगड पावाच्या लादीएवढा. पहिल्या दिवशी मी खाली बसून हात लावून पाहिला. टाकीचे घाव अजून दिसतात. वाईच्या घाटावर बसलोय असंच वाटलं. गंमत म्हणजे रस्त्याचा उतार उलटा आहे. आपण रस्ता मधे उंच करतो, पाणी कडेला काढतो. इथे दोन्ही कडा उंच आणि मधे पन्हळ.

आता खरा प्रश्न. लेकीच्या परसात अगदी मागच्या भिंतीला चिकटून विटांची एक खोली आहे, चार फूट बाय पाच फूट असेल. जावई त्यात गवत कापायचं यंत्र आणि रंगाचे डबे ठेवतो. या खोलीच्या बोळाकडच्या भिंतीत, जमिनीलगत, दीड फूट चौरस असं एक लाकडी दार आहे. बिजागऱ्या गंजल्यात, बाहेरून कडी. बोळात फिरताना मोजली, अशी दारं किंवा ती विटांनी बुजवल्याच्या खुणा एकूण अकरा घरांना आहेत.

लेक म्हणते, कोळसा टाकायचं दार असेल. जावई म्हणतो, दूधवाल्याचं. शेजारी एक इटालियन आजी राहतात, नव्वदीच्या असाव्यात. त्यांना माझं इंग्रजी कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. पण मी दाराकडे बोट दाखवल्यावर त्यांनी नाक चिमटीत धरलं आणि खो खो हसल्या.

त्यावरून मला एक शंका आहे. मी दहावीला जाईपर्यंत आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूलाही असंच एक दार होतं. ते कशासाठी होतं ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. पण इथे? या देशात? जाणकारांनी सांगावं.

मेरीकाठची:

काका, आजींनी बरोबर सांगितलं. तुमची शंका सोळा आणे खरी. ते संडासाचं मागचं दार आहे आणि ती खोली म्हणजे इथल्या भाषेत ‘डनी’. दूधवाला पुढच्या दारी यायचा, आणि कोळशाचं दार जमिनीलगत, संडासाच्या मागे कोण करेल?

मी सव्वीस वर्षं शेजारच्या नॉर्थकोटमध्ये राहते आणि पोटापाण्यासाठी गटारांचे नकाशे काढते, त्यामुळे हा माझा आवडता विषय. घरचे जेवताना बोलू देत नाहीत, इथे बोलते.

१८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि मेलबर्न फुगत गेलं. १८९१ पर्यंत वस्ती जवळपास पाच लाखांवर गेली. टोलेजंग बँका, घुमटाची प्रदर्शन इमारत, केबलवर चालणाऱ्या ट्राम, सगळं होतं. नव्हतं ते भुयारी गटार. १८८५ मध्ये लंडनहून आलेल्या एका पत्रकाराने शहराला ‘मार्व्हलस मेलबर्न’ म्हटलं, तर सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकाने त्याचं ‘मार्व्हलस स्मेलबर्न’ केलं. स्वयंपाकघराचं, न्हाणीचं, लघवीचं पाणी सरळ रस्त्याकडेच्या उघड्या दगडी गटारात. तिथून ओढ्यात, ओढ्यातून यारा नदीत. विषमज्वराने दर उन्हाळ्यात माणसं जात होती.

आणि घन भाग? आधी परसात खड्डे असायचे. ते झिरपून विहिरी नासवायला लागले तेव्हा डब्याची पद्धत आली. बसायच्या फळीखाली डबा. रात्री गाडीवाला बोळात यायचा, तुमच्या त्या दीड फुटी दारातून भरलेला डबा ओढून काढायचा आणि रिकामा आत सरकवायचा. घरातल्या माणसाला त्याचं तोंड दिसायचं नाही, त्याला घरातल्यांचं. ब्रन्सविक, फिट्झरॉय, कार्लटनची जुनी घरं एकमेकांना चिकटून आहेत, बाजूने वाटच नाही. मागे बोळ नसता तर डबा दिवाणखान्यातून न्यावा लागला असता! म्हणून हे बोळ. त्यातून लाकूडवाले, भंगारवाले, रिकाम्या बाटल्या घेणारेही फिरायचे, पण मुख्य गिऱ्हाईक हेच.

उलट्या उताराचं कोडंही यातच सुटतं. दोन्हीकडच्या परसांतलं सांडपाणी बोळात यायचं, त्याला कडेने भिंतीलगत सोडलं तर पाया भिजणार. म्हणून मधे पन्हळ.

चहाबाज:

सकाळचा पहिला चहा हातात घेऊन धागा उघडला. चूक माझीच.

ओव्हरसियर_वाई:

मेरीकाठचीताई, फार आभार. पायाचं कारण ऐकून बरं वाटलं, मी दोन आठवडे त्यावर विचार करत होतो. आता पुढचं सांगा. गटार कधी आलं? आणि काढलेलं सगळं जायचं कुठे?

मेरीकाठची:

काढलेलं शहराबाहेरच्या भाजीच्या मळ्यांवर जायचं. इंग्रजीत त्याला ‘रात्रीची माती’ म्हणतात. आपल्याकडे त्याचं सोनखत. मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, निदान त्याची किंमत तरी सांगतो.

गटाराची गोष्ट अशी. १८८८ मध्ये आरोग्याच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं. इंग्लंडहून जेम्स मॅन्सर्ग नावाचे इंजिनियर आले, त्यांनी आराखडा सुचवला. १८९१ मध्ये ‘बोर्ड ऑफ वर्क्स’ स्थापन झालं आणि विल्यम थ्वेट्स या इथल्याच इंजिनियरने तो आराखडा बदलून, वाढवून अमलात आणला. काका, तुम्हाला रचना आवडेल. सगळं शहर उताराने स्पॉट्सवुडला आणायचं, जिथे यारा समुद्राला मिळायच्या बेतात असते. तिथे वाफेच्या इंजिनांनी उचलून ब्रुकलिनच्या उंचवट्यावर चढवायचं, आणि तिथून पुन्हा उताराने वेरिबीच्या माळावरच्या मैलापाण्याच्या शेतावर सोडायचं. एकदाच उचलायचं, बाकी सगळं उतारावर.

काम चालू असतानाच १८९३ मध्ये बँका बुडाल्या, शहर कंगाल झालं, पण खणणं चालू राहिलं. १८९५ च्या एप्रिलमध्ये यारा नदीच्या तळाखालून बोगदा काढताना पाणी आत घुसलं आणि सहा माणसं बुडाली. मेलबर्नकरांना पुलांचे अपघात ठाऊक असतात, हा फारसा कुणाला माहीत नसतो.

पहिली जोडणी झाली १८९७ च्या ऑगस्टमध्ये, पोर्ट मेलबर्नच्या एका हॉटेलला. हॉटेलचं नाव ‘ऑल इंग्लंड इलेव्हन’. म्हणजे क्रिकेटच्या नावाने सुरुवात, यापेक्षा ऑस्ट्रेलियन काय असणार.

ओव्हरसियर_वाई:

१८९७! त्याच वर्षी जूनमध्ये चापेकरांनी रँडला मारलं. म्हणजे पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून झडत्या चालू होत्या, मुंबईतही प्लेगने माणसं मरत होती आणि इथे हे लोक पहिला नळ जोडत होते. दोन्ही ठिकाणी राज्य एकाच राणीचं. असो, विषयांतर झालं.

खडकमास्तर:

दगडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. काका, वाईच्या घाटाची आठवण आली ती उगाच नाही. इथले लोक याला ‘ब्लूस्टोन’ म्हणतात, पण तो आहे बसाल्टच. आपला काळा पाषाण, तोच लाव्हा. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मेलबर्नच्या पश्चिमेचा माळ फार तर पंचेचाळीस लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे हा शेंबडा पोरगा.

ब्रन्सविकच्या मेरी ओढ्याकाठी याच्या खाणी होत्या. शेजारच्या कोबर्गच्या पेंट्रिज तुरुंगातले कैदी हाच दगड फोडायचे, तुरुंगाच्या भिंतीही त्याच्याच. तुरुंगाला लोक थट्टेने ‘ब्लूस्टोन कॉलेज’ म्हणत. १९९७ मध्ये बंद झाला, आता तिथे फ्लॅट आणि कॅफे आहेत. ब्रन्सविक पूर्वेला ‘सेरेस’ नावाची बाग आहे, भाज्या, कोंबड्या, मुलांच्या सहली. तीही खाणीवरच. आधी खाण, मग कचऱ्याचा उकिरडा, मग १९८२ पासून बाग. नातीला घेऊन जा.

अजून एक. तुमच्या भागाच्या नगरपालिकेचं नाव २०२२ पर्यंत मोरलँड होतं. ते जमैकातल्या एका गुलामांच्या मळ्यावरून आलेलं निघालं, म्हणून बदलून मेरी-बेक केलं. इथल्या वोइवुरुंग भाषेत त्याचा अर्थ ‘खडकाळ प्रदेश’. इथले मूळ रहिवासी असलेल्या वुरुंजेरी लोकांनी जमीन पाहून नाव ठेवलं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी खाली बसून जो दगड चाचपलात, तेच नाव आहे.

आणि पाथरवटांनी एक मोठी गोष्ट केली, तीही सांगून टाकतो. २१ एप्रिल १८५६ ला विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणारे दगडकामगार हत्यारं खाली ठेवून संसदभवनावर चालत गेले आणि आठ तासांचा दिवस मिळवला, पगार न कापता. रसेल स्ट्रीटच्या टोकाला कामगार संघटनांच्या ट्रेड्स हॉलसमोर एक खांब आहे, त्यावर तीन आठ. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले. ट्रामने जाता येईल.

ब्रिस्बेनकर:

मेलबर्नवाल्यांनी १८९७ चा तोरा मिरवू नये, कारण आमच्या ब्रिस्बेनच्या बहुतेक उपनगरांत डबा १९६० च्या दशकापर्यंत होता. क्लेम जोन्स १९६१ ते १९७५ महापौर होते, त्यांनी हे शहर खणून काढलं तेव्हा कुठे सुटका झाली. सिडनीच्या पश्चिमेची उपनगरं तर त्याहून मागे. १९७२ मध्ये व्हिटलम पंतप्रधान झाले ते जी आश्वासनं देऊन, त्यात गटारं हे एक मोठं होतं. देशाच्या निवडणुकीत संडासाचा मुद्दा! हसू नका, आपल्याकडेही पुढे आलाच.

माझे शेजारी ऐंशी पार केलेले, इथेच वाढलेले. त्यांनी सांगितलेलं लिहितो. डब्यात लाकडाचा भुसा घालायचे. परसाच्या टोकाला खोली, रात्री जायचं तर कंदील. वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे खिळ्याला लावलेले, ‘अर्धी बातमी वाचली की बाकीची शेजाऱ्याच्या खिळ्यावर’ असं ते म्हणतात. सगळ्यात मोठी भीती लाल पाठीच्या कोळ्याची. तो नेमका फळीखाली जाळं करायचा आणि चावायचा कुठे ते तुम्ही समजून घ्या. त्याच्या विषावरचं प्रतिविष १९५६ मध्ये आलं.

डबेवाला (मुंबईचा नव्हे!) खांद्यावर डबा घेऊन पळत जायचा. चालला तर हिंदकळतं, पळालं तर लय लागते, असं त्याचं शास्त्र. नाताळात तो प्रत्येक घरी एक छापील कविता ठेवून जायचा, स्वतःच्या धंद्यावर विनोद केलेली. मग घरचे फळीवर बिअरच्या बाटल्या ठेवायचे. शेजाऱ्यांच्या वडिलांनी एका वर्षी विसरून ठेवल्या नाहीत. त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते त्यांनी मला सांगितलं नाही, नुसतं डोकं हलवलं.

चहाबाज:

आता दुसरा चहाही गेला. पण ‘अर्धी बातमी’साठी माफ.

तळघर:

धागा छान चालला आहे, पण मला एक टोचतंय. बिअर, कविता, नाताळ. इथे ते काम करणाऱ्याला नाक मुरडायचे हे खरं, पण तो कंत्राटदाराचा पगारी माणूस होता. नोकरी सोडून दुसरी धरू शकत होता आणि त्याच्या मुलाने तेच करावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. आपल्याकडे ते काम जातीने डोक्यावर ठेवलं होतं. दार सारखंच असेल काका, पण दारापलीकडचा माणूस सारखा नव्हता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य यात घालवलं, स्वतः पाट्या उचलल्या, सोपे संडास बांधून दाखवले, आणि तरी कायद्याने बंदी यायला १९९३ उजाडलं. ती बंदीही कागदावर राहिली म्हणून २०१३ मध्ये दुसरा कायदा. त्यामुळे ‘आमच्याकडेही असंच होतं’ हे वाक्य जरा जपून.

मेरीकाठची:

तळघर, मान्य. मी वर ‘तोंड दिसायचं नाही’ लिहिलं ते किती सहज लिहिलं, ते आता वाचताना जाणवलं.

काका, एक राहिलं. वेरिबीचं शेत अजून चालू आहे. जवळपास साडेदहा हजार हेक्टर, निम्म्या मेलबर्नचं मैलापाणी तिथेच जातं. आता तलावांवर आच्छादनं घालून वायू गोळा करतात आणि वीज करतात. पाणथळ जागेमुळे जगभरचे पक्षी येतात, पक्षीवेडे लोक परवाना काढून जातात. आणि त्याच्या मधोमध कोकोरॉक नावाचं एक अख्खं गाव होतं. शेतावरच्या कामगारांचं. शाळा, सभागृह, फुटबॉलचं मैदान, पोहायचा तलाव. मैल्याच्या शेतावर पोरं वाढली, लग्नं झाली. १९७० च्या दशकात ते ओस पडलं. आता पाण्याची टाकी आणि तो रिकामा तलाव तेवढा उभा आहे. स्पॉट्सवुडचं पंपघर १९६५ मध्ये थांबलं, पण इंजिनं जागेवर आहेत आणि बाजूला मुलांचं विज्ञान संग्रहालय आहे. तिथे तरी जाऊन याच.

ओव्हरसियर_वाई:

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. स्पॉट्सवुडला जाऊन आलो. नात विजेच्या प्रयोगांत रमली, मी दोन तास इंजिनांजवळ. दोन मजली उंच यंत्रं, पितळ अजून चकाकतं. एवढी देखणी इमारत, मनोरे, कमानी, आणि काम ते. आपल्या खात्यात मैलापाण्याच्या पंपघराला कुणी कमान मंजूर केली असती का, सांगा.

तळघर यांचं लिहिणं वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही. ते बरोबर आहेत. मी ‘असंच एक दार होतं’ लिहिलं तेव्हा मला दार आठवत होतं. बिजागरी, कडी, रंग, सगळं. रोज सकाळी तिथून एक बाई यायच्या. पाटीचा आवाज यायचा आणि आई आम्हाला पुढच्या ओसरीवर पिटाळायची. पावसाळ्यात पोत्याची खोळ घ्यायच्या एवढंच डोळ्यांपुढे आहे. काल वाईला मोठ्या बहिणीला फोन केला, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, स्मरण पक्कं. तिला सगळ्या भाडेकरूंची नावं आठवली, दूधवाल्याचं, त्याच्या म्हशीचं सुद्धा. या बाईंचं नाव विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, दिवाळीला आई फराळ द्यायची, पण वरून टाकायची पदरात. नाव नाही आठवत.

घरचं सांगायचं तर जावयाला ती खोली पाडून तिथे बार्बेक्यू करायचा आहे. मी त्याला दाराचा इतिहास सांगितला, त्याने बार्बेक्यूची जागा बदलली. भिंत राहील असं म्हणतोय, पालिकेची परवानगीही लागेल बहुतेक. मी बिजागऱ्यांना तेल दिलं. दार उघडलं, अडखळत पण उघडलं. आत डब्यासाठी दगडी चौथरा आहे आणि त्याला मधे घासून घासून खळगा पडलाय, बोटभर खोल. टेप लावून मापं घेतलीत आणि वहीत नकाशा काढलाय. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या, परत नाक धरून हसल्या.

नकाशाचा फोटो इथे टाकायचा आहे. मोबाइलवरून कसा टाकतात ते कुणीतरी सोप्या मराठीत सांगा.

चहाबाज:

काका, खाली कागदाच्या पिनेचं चित्र आहे त्यावर बोट ठेवा. आणि तोपर्यंत मी चहा संपवतो.